वजन, आहार आणि व्यायाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजन कमी करण्याचे सल्ले चहूकडून येतात आणि एकमेकांना छेद देतात. कुणी भात सोडायला सांगतं, कुणी तेल, कुणी रात्रीचं जेवण. इथे उत्तरं देताना प्रत्येक सल्ल्याला एकच प्रश्न विचारला आहे: पाच वर्षांनीही तुम्ही हे करत असाल का? ज्या उपायाला या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं येतं, त्यावर तुमची उमेद खर्च होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

ही माहिती प्रौढांसाठी आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुलं आणि खाण्याशी निगडित मानसिक आजारातून गेलेली माणसं यांनी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वजन घटवू नये.

मला खरंच वजन कमी करायची गरज आहे का?

आधी बीएमआय काढा: किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. २५ पासून पुढे अतिरिक्त वजन आणि ३० पासून पुढे स्थूलता, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका कमी वजनालाच सुरू होतो, म्हणून त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ या आकड्यांपासूनच सावध व्हावं, असं संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये सुचवलं.

पण बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. त्यामुळे टेपने कंबरही मोजा. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. उंची १६० सेंमी असेल, तर घेर ८० च्या आत. बीएमआय ठीक असूनही पोट सुटलेलं असेल, तर हे दुसरं माप अधिक खरं बोलतं.

दोन्ही मापं मर्यादेत असतील आणि तरीही आरशात पाहून वजन घटवावंसं वाटत असेल, तर घाई करू नका. ताकद वाढवणारा व्यायाम करा. बऱ्याचदा हवा असलेला बदल त्यानेच दिसतो.

किती वजन कमी झालं म्हणजे फायदा होतो?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला आणि तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला ७ टक्के वजन घटवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करायची, एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाची गोळी घेणाऱ्या दुसऱ्या गटामध्ये ही घट ३१ टक्के होती. ९० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे सहा-सव्वासहा किलो. कॉलेजच्या वयातलं वजन परत मिळवण्याचा हट्ट न धरताही शरीराचं मोठं भलं होतं.

चरबी घटते म्हणजे ती जाते कुठे?

बहुतेक सगळी श्वासावाटे. चरबी जळते तेव्हा तिचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. १० किलो चरबी पूर्ण जळली, तर साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड बनून फुप्फुसांतून बाहेर पडते आणि उरलेली १.६ किलो पाणी होऊन जाते. चरबी घामातून ‘वितळत’ नाही आणि पोट साफ होण्याशीही तिचा संबंध नाही. घाम आणणारे पट्टे, प्लॅस्टिकचे जॅकेट, जुलाब होणारे चहा यांच्यामुळे काटा खाली आलेला दिसतो तो फक्त पाणी गेल्यामुळे. दोन ग्लास पाणी प्यायलात की तो परत वर.

आहार जास्त महत्त्वाचा की व्यायाम?

वजन उतरवायला आहार, उतरलेलं वजन टिकवायला व्यायाम. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

कारण हिशेबात आहे. ७० किलोच्या माणसाने पाच किलोमीटर चालायला जवळपास तासभर घातला, तर त्याच्या साधारण अडीचशे कॅलरी खर्च होतात. तो तासभर घरी बसला असता तरी त्यातल्या काही खर्च झाल्याच असत्या. तेवढ्याच कॅलरी एका मोठ्या गोड कॉफीतून पाच मिनिटांत पोटात जातात. शिवाय व्यायाम वाढवला की शरीर इतर ठिकाणी काटकसर करतं: भूक वाढते, उरलेला दिवस आपण जास्त बसून काढतो. म्हणून नुसता व्यायाम सुरू करून खाणं तसंच ठेवणाऱ्यांच्या पदरी बहुधा निराशा पडते. त्यांचा आळस याला कारण नसतो.

यावरून व्यायाम सोडून दिला, तर मात्र मोठं नुकसान होईल. कमी खाऊन वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. ते वाचवायचे तर त्यांना काम द्यावं लागतं. रक्तदाब, रक्तातली साखर, झोप, मनाची अवस्था, म्हातारपणी तोल सांभाळण्याची क्षमता या सगळ्यांवर व्यायामाचा परिणाम होतो, आणि वजन एक किलोनेही कमी झालं नाही तरी होतो. माझ्या मते वजनाच्या नादात व्यायामाची किंमत फार कमी लावली जाते.

रोज किती कॅलरी खाव्यात? मोजायलाच हव्यात का?

खर्चापेक्षा दिवसाला ३०० ते ५०० कॅलरी कमी जातील एवढं पुरे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. पण रोज ५०० कमी खाल्ल्या म्हणजे दर पंधरवड्याला एक किलो, असं सरळ गणित वर्षभर चालत नाही. वजन घटलं की शरीराचा खर्चही घटतो आणि वेग मंदावत जातो.

मोजायचं की नाही, हे स्वभावावर आहे. निदान दोन आठवडे मोजून पाहावं, असं मी सुचवेन, कारण अंदाजात आपण सगळेच चुकतो. ‘आम्ही १,२०० कॅलरींपेक्षा कमी खातो तरी वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्या लोकांचा १९९२ साली एक अभ्यास झाला. ते प्रत्यक्ष खाण्यापेक्षा ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. त्यांचा मेटाबॉलिझम (शरीराचा ऊर्जाखर्च) अगदी व्यवस्थित होता. ही माणसं खोटं बोलत नव्हती. स्वयंपाक करताना चव घेतलेला घास, चमच्याऐवजी बाटलीतून ओतलेलं तेल, मुलांच्या ताटातलं उरलेलं हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. आकडे डोक्यात घर करू लागले, प्रत्येक घासाला अपराधी वाटू लागलं, तर मोजणं लगेच थांबवा.

पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरले, मग काटा अडकला. माझं काय चुकलं?

काहीच नाही. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठवलेली असते, साधारण अर्धा किलो. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं एकदम कमी केलं, विशेषतः पिष्टमय पदार्थ कमी केले, की हा साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यातली घसरगुंडी बरीचशी त्याची असते. खरी चरबी तेव्हाही हळूहळूच जात असते आणि नंतरही.

म्हणून रोजचा आकडा मनाला लावून घेऊ नका. मीठ, मासिक पाळी, आदल्या रात्रीचं उशिराचं जेवण, बद्धकोष्ठता यांमुळे वजन एक-दोन किलो सहज मागेपुढे होतं. सकाळी, पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढून मागच्या आठवड्याशी ताडून पाहा.

महिन्याला किती किलो कमी करावं?

फार तर दोन ते चार. त्याहून वेगाने उतरवलं तर स्नायू जास्त जातात आणि पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. काही रुग्णांसाठी डॉक्टर दिवसाला ८०० कॅलरींच्या आसपासचा आहार देतात, आणि टाइप २ मधुमेहात त्याचे परिणामही चांगले आले आहेत. पण ते वैद्यकीय देखरेखीखालचे उपचार आहेत. ते घरी स्वतःच्या मनाने करू नयेत.

भात, ब्रेड, बटाटा बंद करू का?

बंद करून वजन उतरतं, आणि बंद न करताही उतरतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ लोकांना वर्षभर दोन गटांत ठेवलं होतं. एका गटाने कार्बोहायड्रेट कमी केली, दुसऱ्याने स्निग्ध पदार्थ. दोन्ही गटांना भाज्या भरपूर, साखर आणि मैदा कमी, पदार्थ शक्यतो घरचे ताजे, अशाच सूचना होत्या. वर्षाअखेर एका गटाचं वजन सरासरी ६ किलो उतरलं, दुसऱ्याचं ५.३, हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. प्रत्येक गटातल्या माणसामाणसांतला फरक मात्र प्रचंड होता: काहींचं वजन भरपूर उतरलं, काहींचं उलट वाढलं.

तुमच्या ताटात लहानपणापासून जे आहे ते कायमचं सोडणं तुम्हाला जमणार आहे का, हा खरा प्रश्न. जमणार नसेल, तर त्याचा वाटा कमी करा आणि त्या जागी भाजी आणि प्रथिनं वाढवा.

मग ताटात नक्की काय असावं?

प्रथिनांपासून सुरुवात करा: डाळी, कडधान्यं, अंडी, दूध-दही, मासे, चिकन, सोयाबीन, जे तुम्ही खाता ते. वजन घटवताना शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं मिळावीत. त्यांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, स्नायू टिकतात, आणि ती पचवतानाच त्यांच्यातल्या २० ते ३० टक्के कॅलरी खर्च होतात. स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत हा खर्च जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत असतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मग भाज्या आणि फळं, दिवसाला मिळून किमान ४०० ग्रॅम. फळांचा रस मात्र यात धरू नका. फळ चावून खाताना जे पोट भरतं, ते रस पिताना भरत नाही. तेल वर्ज्य नाही, पण ते मोजून घ्या. एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, म्हणजे प्रथिनं किंवा साखरेच्या दुपटीहून जास्त.

आणि पाकीटबंद खाणं. याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथे लोक स्वतःच्या मनाला दोष देतात आणि तो दोष बराचसा पदार्थाचा असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत केविन हॉल हे अमेरिकी संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० जणांना संशोधन केंद्रात राहायला बोलावलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ दिले, दोन आठवडे साधं ताजं अन्न. दोन्ही वेळा समोर मांडलेल्या अन्नात कॅलरी, साखर, मीठ, चरबी, चोथा सारख्याच प्रमाणात होते आणि हवं तितकं खायची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नावर तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलोने वाढली. ताज्या अन्नावर तितकीच घटली. कुणाचा निग्रह दोन आठवड्यांत बदलत नाही. बिस्किटांचा पुडा संपेपर्यंत हात थांबत नसेल, तर तो पुडा घरात न आणणं हा सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे.

इंटरमिटंट फास्टिंग करावं का?

म्हणजे दिवसातल्या ठरावीक तासांतच खायचं, बाकी वेळ उपाशी राहायचं. आवडत असेल तर करा. त्यात वेगळी जादू नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १३९ स्थूल लोकांनी वर्षभर कॅलरी कमी केल्या. त्यातल्या निम्म्यांनी शिवाय सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत खाल्लं. दोन्ही गटांचं वजन किती घटलं, यात एकमेकांत लक्षणीय फरक नव्हता. खाण्याची वेळ मर्यादित केली की कित्येकांचं खाणं आपोआप कमी होतं, फायदा होतो तो त्यामुळे. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवण चुकवू नका. रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

रात्री आठनंतर खाल्लेलं सगळं चरबी होतं का?

नाही. दिवसभराची एकूण गोळाबेरीज जास्त महत्त्वाची. रात्री उशिरा जे खाल्लं जातं ते मात्र बहुधा भुकेपोटी नसतं, स्क्रीनसमोर बसून खाल्लेलं असतं, म्हणून लवकर जेवल्याचा फायदा होतो.

फक्त पोटाची चरबी कमी करायची आहे. कोणता व्यायाम करू?

असा व्यायाम नाही. पोटाचे व्यायाम पोटाचे स्नायू बळकट करतात. त्यांच्यावरची चरबी कुठून आधी जाणार हे शरीर ठरवतं. दिलासा देणारी गोष्ट ही की आतड्यांभोवतीची चरबी, जी प्रकृतीला सर्वात जास्त त्रास देते, एकूण वजन घटू लागलं की बहुधा लवकर घटते. काट्याआधी पँट सैल होते ती त्यामुळेच.

किती आणि कोणता व्यायाम पुरेसा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम, आणि किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही इतपत दम लागणं.

दोन दिवसांचा तो दुसरा भाग जवळजवळ सगळे वगळतात, आणि मला त्याची फार हळहळ वाटते, विशेषतः चाळिशीपुढच्या स्त्रियांच्या बाबतीत. डंबेल्स उचलल्याने शरीर पुरुषी होत नाही. स्नायू वाढवले की बसल्याबसल्या चरबी जळते हेही फुगवून सांगितलं जातं. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम १३ कॅलरी वापरतो. स्नायू हवेत ते जिना चढायला, जमिनीवरून हात न टेकता उठायला, हाडं मजबूत राहायला आणि रक्तातली साखर शोषून घ्यायला. जिम नको असेल तर घरी खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून पुशअप, पाण्याच्या बाटल्या उचलणं इथून सुरुवात होते. गुडघे दुखत असतील तर पोहणं आणि सायकल.

दहा हजार पावलं चालायलाच हवीत का?

हा आकडा एका जपानी कंपनीने १९६५ च्या सुमारास विकायला काढलेल्या पाऊलमापकाच्या नावातून आला. पुढे झालेल्या अभ्यासांत साठीपुढच्यांसाठी ६ ते ८ हजार आणि त्याहून तरुणांसाठी ८ ते १० हजार पावलांपर्यंत मृत्यूचा धोका घटत जातो, त्यापुढे फारसा नाही, असं दिसलं. सध्या तीन हजार होत असतील, तर पाच हजार हे उत्तम उद्दिष्ट आहे.

वय वाढलं म्हणून मेटाबॉलिझम मंदावलं असेल ना?

चाळिशीतलं वाढलेलं वजन बहुतेक जण यावर ढकलतात. २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांचा ऊर्जाखर्च एकत्र करून तपासला गेला. शरीराचं आकारमान आणि स्नायूंचा वाटा लक्षात घेतला, तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर असतो. उतार साठीनंतर, तोही हळूहळू. मधल्या वर्षांत बदलतं ते आयुष्य: बैठं काम, घरच्यांची आजारपणं, अपुरी झोप, घटलेले स्नायू. यातलं थोडं तरी आपल्या हातात असतं.

झोपेचा वजनाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या लोकांची झोप रोज सरासरी १.२ तासांनी वाढवली, तेव्हा आहाराबद्दल काहीही न सांगता ते दिवसाला सुमारे २७० कॅलरी कमी खाऊ लागले. ही चाचणी २०२२ ची. रात्रीची झोप मोडून पहाटे जिम गाठत असाल, तर आधी झोप पुरी करा.

ग्रीन टी, व्हिनेगर, गरम पाणी, फॅट बर्नर पावडर यांचा उपयोग होतो का?

पहिल्या तिन्हींनी चरबी जळत नाही. आवडत असतील तर प्या. पावडरी आणि गोळ्यांपासून लांब राहा. काहींमध्ये औषधांची छुपी भेसळ सापडली आहे, काहींनी यकृताला इजा झाली आहे. साखरेऐवजी कृत्रिम गोडी वापरत असाल, तर वजन आटोक्यात ठेवण्यासाठी तिच्यावर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं आहे.

वजन कमी करणारी इंजेक्शनं घ्यावीत का?

सेमाग्लुटाइडच्या २०२१ मधल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांच्या जवळपास घटलं. टिर्झेपाटाइडने त्याहून जास्त. ज्यांना वजनामुळे आजार जडले आहेत त्यांच्यासाठी हा खरा उपचार आहे, आणि तो घेणाऱ्याने ‘शॉर्टकट मारला’ असं म्हणणं अन्यायाचं आहे. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. त्यामुळे ते किती काळ घ्यायचं, मळमळ आणि उलट्या झेपतील का, स्नायू कसे राखायचे, हे सगळं डॉक्टरांशी बोलून मगच सुरू करा.

उतरवलेलं वजन परत का चढतं?

कारण शरीर ते परत मिळवण्यासाठी झटतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की दहा आठवड्यांच्या कडक डाएटनंतर एक वर्ष उलटलं तरी भूक वाढवणारी संप्रेरकं वरच राहिली होती आणि पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन खालीच. वजन घटवलेल्या माणसाला खरोखर जास्त भूक लागते. हे समजलं, की परत चढलेल्या दोन किलोंसाठी स्वतःला कोसणं थांबतं.

ज्यांनी टिकवलं ते काय करतात? अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंदवही ठेवली आहे, किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर तसंच ठेवलेल्यांनाच तिच्यात जागा मिळते. उतरवायच्या वाटा त्यांच्या वेगवेगळ्या होत्या. टिकवताना मात्र बहुतेक जण रोज तासभर हालचाल करतात, मुख्यतः चालतात, आणि निदान आठवड्यातून एकदा वजन बघतात. तेव्हा वजन उतरलं की ‘झालं’ म्हणून आहारतक्ता फेकून देऊ नका. दोन-तीन किलो वाढले की लगेच जुन्या सवयींकडे परत जायचं, हे आधीच ठरवून ठेवा. दहा वाढेपर्यंत थांबलात तर सगळं पहिल्यापासून.

घरातल्या कुणाचं वजन वाढलंय. त्यांना कसं सांगू?

बहुधा सांगू नका. त्यांना ते ठाऊक आहे. टोमणे आणि ‘काळजीपोटी’ केलेली शेरेबाजी यांनी माणसं लपून खाऊ लागतात आणि डॉक्टरांकडे जायचंही टाळतात. ‘संध्याकाळी फिरायला येतेस का?’ असं विचारा. घरात सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक करा. एकाच्या ताटात उकडलेली भाजी आणि बाकीच्यांच्या ताटात तळलेलं, असं नको.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

खाण्यात किंवा हालचालीत बदल नसताना वजन झपाट्याने वाढत असेल, सोबत थकवा, थंडी सहन न होणं, पाळीची अनियमितता, घोरणं किंवा अंगावर सूज असेल, तर आधी तपासणी. थायरॉईड मंदावल्याने वजन वाढतं, पण बहुतेकदा थोडंच, आणि औषध सुरू झाल्यावर तेवढंच उतरतं. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मनाच्या आजारांवरची काही औषधं वजन वाढवतात. ती स्वतःहून बंद करू नका, पर्याय आहे का ते विचारा. याउलट, प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांहून जास्त घटलं असेल, तर आनंद मानून गप्प बसू नका, तेही दाखवा. व्यायाम करताना छातीत दुखलं, भोवळ आली, वेगळाच दम लागला तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. छातीतलं दुखणं थांबत नसेल तर थेट रुग्णालयात जा.